ब्लॅक बुक (विद्यापीठीय प्रकल्प-अहवाल)

मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांत शेवटच्या वर्षी सादर होणाऱ्या प्रकल्प-अहवालाला विद्यार्थी ब्लॅक बुक म्हणतात. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय आणि नाव, आत गाइडच्या सहीचे प्रमाणपत्र. ठाणे व नवी मुंबईतल्या कितीतरी विद्यार्थ्यांची संशोधनपद्धतीशी पहिली गाठ पडते ती इथेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना रिसर्च मेथडॉलॉजी हा स्वतंत्र विषयही आला आहे.

खरा कस लागतो तो विषय आवाक्यात आणताना. ‘ठाणे खाडीचे प्रदूषण’ असा विषय घेऊन आलेल्याला जाणता गाइड परत पाठवतो. ‘ऐरोली आणि वाशी येथे भरती व ओहोटीच्या वेळी पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक पडतो’ हे मात्र मोजता येते. हा ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीत बाटली हवेचा बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात आणि मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड तिथेच, खाडीच्या काठावर असतानाच घालतात. तपकिरी अवक्षेप (खाली बसणारा साका) तयार झाला, की ऑक्सिजन बांधला गेला. मग प्रयोगशाळेत आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करायचे, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. हे सारे पद्धतीच्या प्रकरणात उतरले पाहिजे, तारखेसह आणि भरतीच्या वेळेसह. वेळच लिहिली नसेल, तर आकडा कितीही काटेकोर असला तरी दुसऱ्याला तो पडताळता येत नाही.

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत गूगल फॉर्मचे राज्य आहे. फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, उत्तरे देणारे बहुतेक वर्गमित्रच, आणि शीर्षक मात्र ‘नवी मुंबईतील ग्राहकांचा ऑनलाइन खरेदीकडे कल’. सोयीचा नमुना, म्हणजे सहज हाताशी असलेल्यांनाच विचारणे, घेण्यात गैर काही नाही. तो तसा घेतला हे सांगावे आणि निष्कर्ष तेवढ्यापुरताच काढावा. प्रत्यक्षात पाय चार्ट उदंड, गृहीतकाची चाचणी क्वचित!

उचलेगिरीबद्दल, म्हणजे दुसऱ्याचे लेखन श्रेय न देता वापरण्याबद्दल, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची आणि श्रेय देऊन केलेली अवतरणे त्यात धरत नाहीत. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी परिच्छेद जसेच्या तसे उचलतात, त्यामागे आळसापेक्षा भाषेची धास्ती जास्त असते. वाचलेले आधी मराठीत, आपल्या शब्दांत टिपून घेतले की निम्मी अडचण सुटते. जुने प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर फुकट वाचायला मिळतात, पण आधीच्या संशोधनाच्या आढाव्याच्या प्रकरणात त्यांची नुसती जंत्री पुरत नाही. कोणाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, ते दाखवावे लागते.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक नमुन्यावर हटकून बोट ठेवतात: इतकाच का, इथलाच का? पुढे पीएच.डी.ला जाणाऱ्यांना २०२२ च्या नियमांनुसार किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) कोर्सवर्क करावे लागते. संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हा त्यातला सक्तीचा भाग.