सोयाबीनचं मूळ जिवाणूला सापडतं कसं?

पेरणीला महिना-सव्वा महिना झाला की वावरातलं सोयाबीनचं एखादं झाड मातीसकट उपटून पाहावं. मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली आणि आतून लालसर-गुलाबी निघाली, तर ती हवेतला नत्र झाडाला मिळवून देते आहे. विदर्भात पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम नावाच्या जिवाणूंचं खत चोळतात, 10 किलोला 250 ग्रॅम, ते या गाठींसाठीच. पाकिटातल्या काळ्या भुकटीत असतात ते एकपेशीय जीव. ना डोळे, ना नाक, ना मेंदू. तरी मातीच्या अंधारात त्यांना मूळ कळतं.

हॉलंडच्या लेव्हेनहुकने 1670च्या दशकात स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या थेंबात असले जीव पाहिले. त्यांच्या वळवळीला दिशा असते, हे नीट दिसायला मात्र दोनशे वर्षं गेली. 1880च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म फेफरने केसासारख्या बारीक काचनळीत मांसाचा अर्क भरून ती जिवाणूंच्या पाण्यात बुडवली, तर जिवाणू नळीच्या तोंडाशी गोळा झाले. मुळावरच्या गाठींतले जिवाणू बायेरिंकने 1888 साली वेगळे काढले, तेही याच काळात.

पण जिवाणू खाणं 'ओळखतो' की नुसता खातो? याचं उत्तर अमेरिकेत ज्युलियस अॅडलरने 1969 साली दिलं. काही जिवाणूंना साखर पचवता येत नव्हती, तरी ते तिच्याकडे जात होते. म्हणजे पेशीच्या अंगावर चव घेणारी प्रथिनं वेगळी असतात. मला हा प्रयोग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

मग 1972 साली मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी जिवाणूंना एका झटक्यात जास्त खाद्य असलेल्या द्रावणात मिसळलं. आता चहूकडे सारखंच खाद्य, दिशा दाखवणारं काही उरलं नाही. एरवी थोडं सरळ पोहून गिरकी घेणारे जिवाणू तरी काही वेळ गिरक्या न घेता सरळ पोहत राहिले. याचा अर्थ, ते 'आत्ता' ची तुलना 'मघाशी' शी करतात. एवढ्याशा जिवाला क्षणभराची का होईना, आठवण असते! चव वाढत असेल तर पोहणं लांबतं. घटत असेल तर गिरकी घेऊन नवी दिशा धरायची. त्याच वर्षी बर्ग आणि ब्राउन यांनी एकेका जिवाणूचा सूक्ष्मदर्शकाखाली पाठलाग करून ही चाल मोजली.

मुळाच्या बाजूची गोष्ट 1980च्या दशकात उलगडली. शेंगवर्गीय झाडाचं मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं मातीत सोडतं. ती लागताच रायझोबियमची ठरावीक जनुकं जागी होतात आणि तो आपलं रसायन सोडतो. त्याने मुळावरचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो, आणि तिथून गाठ सुरू होते.

मातीत हा प्रवास अगदी थोडा, आणि तोही ओलाव्यातूनच. मृगाच्या सरींनंतर लांबलचक उघाड पडली की मातीच्या कणांभोवतीचा पाण्याचा पातळ थर तुटतो, आणि मूळ जवळ असूनही जिवाणू जागीच अडकतो.