ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशर

शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायचा चिनी उपचार म्हणजे ॲक्युपंक्चर, आणि त्याच बिंदूंवर बोटाने किंवा अंगठ्याने दाब दिला की ॲक्युप्रेशर. दोन्हीच्या मागे विचार एकच, की अंगात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरलेल्या वाटांनी फिरत असते, ती नीट फिरली तर माणूस ठणठणीत आणि कुठे अडली की दुखणं सुरू. या वाटांना मेरिडियन म्हणतात. मुख्य 12, शिवाय पाठीच्या आणि पोटाच्या मधोमध जाणाऱ्या 2, आणि या 14 वाटांवर मिळून 361 बिंदू. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ ग्रंथात तर या 12 वाटा चीनमधल्या 12 नद्यांशी जोडून दाखवल्यात.

म्हणूनच जिथे दुखतं तिथेच सुई टोचतील असं नाही. डोकं किंवा दात दुखत असेल तर अंगठा आणि तर्जनीच्या मधला ‘होगू’, पोटाच्या तक्रारींसाठी गुडघ्याखालचा ‘झूसानली’, मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वरचा ‘नेइग्वान’. सुई लागली की तिथे जडपणा, झिणझिण्या यायला हव्यात, तीच ‘ची’ पोचल्याची खूण मानतात.

आता शरीर उघडून बघितलं तर मेरिडियन काही सापडत नाहीत, पण म्हणून काहीच घडत नाही असंही नाही. सुईने नसा उत्तेजित होतात, संदेश मेंदूपर्यंत जातो आणि एंडॉर्फिन म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक सुटतं. 1970च्या दशकात काही प्रयोगांत नॅलॉक्सोन हे अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर ॲक्युपंक्चरने मिळालेला आराम कमी झाला, त्यावरून हे लक्षात आलं. दाबाने आराम का पडतो याचं कारण साधारण असं सांगतात की स्पर्शाचे संदेश मणक्यातल्या मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेला सिद्धांत तो हाच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीतला 2007 सालचा कंबरदुखीचा अभ्यास. 1162 पेशंट होते. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्के लोकांना फरक पडला, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्के, आणि नेहमीचे औषध-व्यायाम घेणाऱ्यांपैकी फक्त 27.4 टक्के. म्हणजे आराम खरा आहे पण तो नेमक्या बिंदूमुळे की टोचण्यामुळे, विश्वासामुळे आणि कुणीतरी वेळ देऊन आपल्याकडे बघतंय यामुळे, हा प्रश्न उरतोच, आणि प्रामाणिक थेरपिस्टने तो पेशंटपासून लपवू नये.

भारतात हे आलं ते 1938 साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकामुळे, ज्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते 1942 मध्ये तिकडेच वारले, पण त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्रात आता यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे उपचार घेण्याआधी समोरच्याचं रजिस्ट्रेशन विचारायला अजिबात संकोच करू नका. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायचीच हवी, कारण अस्वच्छ सुईने जंतुसंसर्ग होतो आणि छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं.

आपल्याकडे जत्रेत, प्रदर्शनात मिळणाऱ्या काटेरी चपला आणि तळपायाचे नकाशे ॲक्युप्रेशर म्हणूनच विकतात, पण तळपायावर सगळे अवयव दाखवणारा तो नकाशा रिफ्लेक्सॉलॉजीचा, म्हणजे तळपाय दाबून करायच्या वेगळ्याच उपचाराचा, 20व्या शतकात अमेरिकेत तयार झालेला. डायबिटीसमुळे पाय बधिर झालेल्यांनी अशा चपला घालू नयेत, जखम झालेली कळतसुद्धा नाही.