वर्तमानपत्राविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे तक्रार : पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

वर्तमानपत्रात शहानिशा न करता, एकांगी किंवा बदनामीकारक मजकूर छापून आला, तर त्याविरुद्ध प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया या वैधानिक संस्थेकडे दाद मागता येते. १९६६ साली स्थापन झालेली ही कौन्सिल आणीबाणीत बरखास्त करण्यात आली आणि १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यान्वये पुन्हा अस्तित्वात आली. अध्यक्षांखेरीज तिचे २८ सदस्य असून त्यांपैकी २० जण वृत्तपत्रसृष्टीतलेच असतात. त्यामुळे हा खटला नसून व्यवसायाने स्वतःच्याच सभासदाला जाब विचारण्याची ही पद्धत आहे, हे तक्रारदाराने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

तक्रार कोणालाही करता येते. बातमी आपल्याविषयीच असावी अशी अट नाही. मात्र ती वर्तमानपत्र, नियतकालिक, वृत्तसंस्था, संपादक किंवा पत्रकार यांच्याविरुद्ध असावी लागते. दूरचित्रवाणी वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार आधी संबंधित वाहिनीकडे आणि तेथे समाधान न झाल्यास तिच्या स्वयंनियमन संस्थेकडे न्यावी लागते. प्रकरण न्यायालयात प्रलंबित असेल, तर कौन्सिल त्याची चौकशी करत नाही.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा कौन्सिलकडे जाण्याआधीचा आहे. प्रथम संपादकाला पत्र लिहून आक्षेप कळवावा लागतो आणि त्याला उत्तराची संधी द्यावी लागते. अध्यक्ष ही अट शिथिल करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. या पत्रात संताप व्यक्त करण्यापेक्षा नेमकेपणा हवा : अमुक तारखेच्या, अमुक आवृत्तीच्या तिसऱ्या पानावर ‘अटक’ असा मथळा आहे, प्रत्यक्षात बातमीतच संबंधित व्यक्तीला केवळ चौकशीसाठी बोलावल्याचे म्हटले आहे, म्हणून तितक्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी. असे लिहिलेले पत्र पुढे पुराव्याचे काम करते, कारण मथळा खालच्या मजकुराशी सुसंगत असावा हा कौन्सिलच्या आचारसंहितेतलाच निकष आहे. पत्र ई-मेलने किंवा पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि पोच जपून ठेवावी.

मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. दैनिक, साप्ताहिक आणि वृत्तसंस्था यांच्याबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत, तर इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांत तक्रार दाखल व्हावी लागते. संपादकाच्या उत्तराची वाट पाहण्यातच हा काळ निघून जातो, असे होऊ देऊ नये. सबळ कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण तो हक्क नव्हे.

तक्रारअर्जात वर्तमानपत्राचे व संपादकाचे नाव, पत्ता, प्रसिद्धीची तारीख आणि मजकूर नेमका कशामुळे आक्षेपार्ह आहे याचे स्पष्टीकरण असावे. सोबत मूळ कात्रण किंवा त्याची साक्षांकित प्रत, मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर आणि संपादकाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडाव्यात. एकाच दैनिकाच्या जिल्हावार आवृत्त्यांत मजकूर वेगळा असू शकतो, म्हणून कात्रणावर आवृत्ती आणि तारीख दिसायला हवी. सुटी कापलेली चौकट पुरत नाही. याखेरीज सर्व संबंधित वस्तुस्थिती मांडली आहे, हे प्रकरण कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही आणि चौकशीदरम्यान ते न्यायालयात गेल्यास कौन्सिलला कळवले जाईल, असे घोषणापत्र द्यावे लागते. कौन्सिलचे कार्यालय नवी दिल्लीत लोधी रोडवरील सूचना भवनात आहे.

अर्ज अपुरा असल्यास तो त्रुटींसह परत येतो. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संपादकाला नोटीस जाते, त्याचे लेखी म्हणणे घेतले जाते आणि मग चौकशी समिती दोन्ही बाजू ऐकते. साक्षीदारांना बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कौन्सिलला आहेत. मात्र बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती पत्रकारावर करता येत नाही. अंतिम निर्णय समितीच्या शिफारशीवरून कौन्सिल घेते.

दोष सिद्ध झाल्यास कौन्सिल इशारा देऊ शकते, समज देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते, तसेच त्या वर्तमानपत्राला चौकशीचा तपशील छापायला सांगू शकते. दंड किंवा शिक्षा करण्याचा, नुकसानभरपाई मिळवून देण्याचा अधिकार तिला नाही. म्हणूनच ज्याला भरपाई हवी आहे त्याने अब्रुनुकसानीचा दावा करावा की कौन्सिलकडे जावे, हे अर्ज लिहिण्यापूर्वीच ठरवावे, कारण दावा प्रलंबित असेपर्यंत कौन्सिलचे दार बंद राहते. कौन्सिलचा निर्णय कायद्याने अंतिम मानला जातो. त्यावर अपिलाची तरतूद नाही, परंतु उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला असतो.