फिडर २४ तासवाला घ्यायचा की टायमरवाला? शेळीपालक भावांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. आमच्या वर्कशॉपला फोन येतो तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो की दादा, तुमच्याकडे दोन प्रकारचे फिडर, म्हणजे शेळ्यांना चारा-दाणा खाऊ घालायची साधनं दिसतात, एक २४ तास भरलेला राहणारा आणि दुसरा टायमरवाला, तर यातला चांगला कोणता. आमचा उलटा प्रश्न असतो, त्यात टाकणार काय? कारण फिडर कोणता घ्यायचा हे शेडच्या साइजवरून किंवा बजेटवरून ठरत नाही, आत जाणाऱ्या मालावरून ठरतं. भुसा-कुट्टी टाकणार असाल तर मोकळा, म्हणजे २४ तासवाला फिडर, मका-ढेप टाकणार असाल तर वेळ आणि वजन बांधलेलं पाहिजे, मग ते टायमरने बांधा नाहीतर बादली आणि काट्याने बांधा. पत्रक लांबलंय पण पैसे भरायच्या आधी पूर्ण वाचा.

२४ तासवाला म्हणजे वर हॉपर (माल भरायची टाकी), खाली गव्हाण, मधे एक तोंड. शेळी खाते तसा माल आपोआप खाली सरकतो. मोटर नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. टायमरवाल्यात हॉपरच्या तोंडाला १२ व्होल्टची मोटर असते, बॅटरीवर चालते, बॅटरी छोट्या सोलर प्लेटवर चार्ज होते आणि तुम्ही लावलेल्या वेळेला तेवढेच सेकंद मोटर फिरून माल गव्हाणीत पडतो. किमतीत बराच फरक आहे आणि महागाचं म्हणजे चांगलं असं समजून बरेच जण टायमरच मागतात, खरंतर निम्म्या लोकांना त्याची गरज नसते आणि तसं आम्ही त्यांना सांगतो पण.

आता दाणा मोकळा का ठेवायचा नाही ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शेळी रवंथ करणारं जनावर आहे, तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, चारा पचवणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि ते कोरड्या चाऱ्यावर जगतात. मक्याचा भरडा एकदम जास्त गेला की त्यातला स्टार्च फार लवकर आंबतो, लॅक्टिक ॲसिड तयार होतं, पोटाचा पीएच (हा जितका खाली तितका आंबटपणा जास्त) साडेपाचच्या खाली जातो, चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि पोट बंद पडतं. याला ॲसिडोसिस म्हणतात. भरडा जितका बारीक तितका धोका जास्त, म्हणून गिरणीवाल्याला सांगताना जाडा भरडा सांगा, पीठ करून आणू नका. आणि शेळीला मका पुढ्यात दिसला तर ती पोट भरलं म्हणून थांबत नाही, त्यातही शिंगवाली दांडगी शेळी सगळ्यांना ढकलून उभी राहते आणि तीच आधी आजारी पडते.

ओळखायचं कसं? रात्री पोतं फुटलं किंवा दार उघडं राहिलं आणि सकाळी एखादी शेळी कोपऱ्यात मान खाली घालून उभी आहे, रवंथ नाही, डावी कूस फुगलेली, दात खाते, लेंडीच्या जागी पातळ आंबट वासाची हगवण, आणि चारा पुढे केला तर तोंड फिरवते. असं दिसलं की दाणा लगेच उचला, पुढ्यात फक्त कोरडा चारा ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा, संध्याकाळपर्यंत बघू असं करू नका. खायचा सोडा पाजतात हे बरोबर आहे पण किती पाजायचा ते वजनावर असतं, तेवढं डॉक्टरांना विचारूनच. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

याच जास्त दाण्याचा भाऊ म्हणजे आंत्रविषार. क्लॉस्ट्रिडियम नावाचे जंतू आतड्यात आधीपासून असतात, दाणा किंवा पहिल्या पावसाचा कोवळा चारा जास्त झाला की ते एकदम वाढून विष सोडतात आणि बऱ्याचदा गोठ्यातलं सगळ्यात धडधाकट पिल्लूच सकाळी मेलेलं सापडतं. त्याची लस पावसाळ्याच्या आधी घ्या, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर पण. फिडर कितीही चांगला असला तरी लसीचं काम तो करत नाही.

मोकळ्या फिडरमध्ये काय टाकायचं? आपल्या खान्देशात त्याची कमी नाही. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याची कुट्टी, हरभऱ्याचा भुसा, तुरीचा भुसा, सोयाबीनचा भुसा, हे दिवसभर पुढ्यात असलेलं उलट चांगलंच. शेळी थोडं थोडं खात राहते, पोट चालू राहतं, भांडणं कमी होतात, आणि सालदार तासभर उशिरा आला तरी जनावरं ओरडत नाहीत. मोठ्या शेळीला दिवसाला वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे ३० किलोच्या शेळीला एक ते दीड किलो, आणि त्यातला मोठा वाटा हा भुसा-कुट्टीचाच असला पाहिजे. एक अडचण सांगतो, शेळी चोखंदळ आहे, पाला खाते आणि काड्या टाकते, तोंड घातलेलं उष्टं परत खात नाही. म्हणून आमच्या फिडरला डोकं आत घालायला उभ्या पट्ट्यांची जाळी दिलेली असते, तिने पाय घालून माल तुडवायला नको. ती जाळी कापून मोठी करू नका, काही लोक करतात आणि मग अर्धा भुसा लेंड्यांत जातो.

दाणा मोकळा ठेवायला एकच जागा आहे, ती म्हणजे पिल्लांचा कप्पा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं दाण्याला तोंड लावायला लागतात, त्यांच्यासाठी वेगळा छोटा फिडर, आणि आईला आत जाता येणार नाही अशी १५ ते २० सेंटीमीटरची फट. १८ ते २० टक्के प्रोटीनवालं पिल्लांचं खाद्य, रोज थोडंच टाकायचं आणि उरलेलं रोज काढून आईला द्यायचं, शिळं साचू द्यायचं नाही. सुरुवातीला ती फक्त चाटतात, घाबरू नका. तीन महिन्यांच्या आसपास दूध तोडलं की हा मोकळा दाणा हळूहळू बंद करून मोजून चालू करा.

आता टायमरवाला कोणाला लागतो ते. ज्यांचं शेड शेतात आणि घर गावात आहे, सकाळी सहाला रोज कोणी पोचेलच याची खात्री नाही, आणि दाणा रोज ठरल्या वेळी गेला पाहिजे, त्यांना. पोटातल्या जिवाणूंना एकसारखेपणा लागतो, आज सहाला आणि उद्या अकराला दुप्पट, असं झालं की पोट बिघडतं. पण टायमर घ्यायच्या आधी गव्हाणीची लांबी मोजा! मोकळ्या फिडरवर शेळ्या पाळीपाळीने येतात, टायमर वाजला की सगळ्या एकाच वेळी धावतात. मोठ्या शेळीला ४० ते ५० सेंटीमीटर जागा धरा, म्हणजे सरासरी दीड फूट. २० शेळ्या असतील तर ३० फूट गव्हाण, दोन्ही बाजूंनी खात असतील तर १५ फूट. एवढी जागा नसेल तर टायमर लावून उपयोग नाही, दांडग्या दुप्पट खातील आणि गरीब उपाशी राहतील, म्हणजे टाळायला निघालो तेच परत झालं.

टायमर सेट करताना आमचा माणूस येतो पण माल बदलला की तुम्हाला स्वतः परत करावं लागतं, म्हणून पद्धत सांगून ठेवतो. तोंडाखाली रिकामं पोतं धरा, मोटर ५ सेकंद चालवा, पडलेला माल काट्यावर मोजा. असं तीन वेळा करून सरासरी काढा. समजा ५ सेकंदात ४०० ग्रॅम पडला तर सेकंदाला ८० ग्रॅम. २० शेळ्यांना प्रत्येकी २५० ग्रॅम म्हणजे दिवसाला ५ किलो, दोन वेळचा अडीच-अडीच किलो, म्हणजे एका वेळेला ३१ सेकंद. पेलेट आणि भरडा सारख्या वेगाने पडत नाहीत, ढेप मिसळली की अजून फरक पडतो, त्यामुळे नवीन पोतं फोडलं की मोजणी नवीन. आणि हॉपर मोठा आहे म्हणून आठवड्याचा दाणा भरून ठेवू नका. मोटर कधी चालूच राहिली तर आतला सगळा माल खाली येईल, तेव्हा आत एक-दोन दिवसांचाच असलेला बरा.

दाण्याच्या आधी भुसा पोटात गेलेला असावा हे टायमरला कळत नाही. त्यामुळे ज्यांना परवडतं त्यांना आम्ही जोडीच सुचवतो, भुशाचा मोकळा आणि दाण्याचा टायमरवाला, आणि एकच घ्यायचा असेल तर भुशाचा मोकळाच घ्या आणि दाणा हाताने मोजून टाका.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी शेळी खात नाही आणि खायला लावूही नये, पचनाची उष्णता वरच्या उन्हात भर घालते. एप्रिल-मेमध्ये टायमर पहाटे साडेपाच-सहा आणि संध्याकाळी सातनंतर लावा. बॅटरीचा डबा पत्र्याला चिकटवून ठेवू नका, सावलीत ठेवा, उन्हात बॅटरी लवकर बसते. लाइटवर चालणारं मॉडेल आम्ही बनवत नाही, शेतात लाइट कधी येईल आणि कधी जाईल हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

पावसाळ्यात उलट. भरडा हवेतला ओलावा ओढतो, तोंडाशी गोळा होऊन बसतो, मोटर फिरते पण माल पडत नाही आणि आत हिरवट-काळी बुरशी धरते. मक्यावरच्या या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते लिव्हरला मारतं, गाभण शेळी गाभडते. वास आलेला, गाठी झालेला माल वाळवून द्यायचा विचारसुद्धा करू नका, वाळवल्याने विष जात नाही. हॉपर पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसायचा, कोपऱ्यात हात घालून बघायचं.

बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. शेवटच्या दोन महिन्यांत वजन पाहिजे म्हणून एकदम मका वाढवतात. वाढवा, पण १०-१५ दिवस लावून थोडा थोडा वाढवा. दुसरं, दाण्यात आणि गव्हाच्या चोकरमध्ये फॉस्फरस जास्त असतो, कॅल्शियम कमी, त्याने बोकडाला मुतखडा होतो. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट पाहिजे, त्यासाठी मिनरल मिक्श्चर, थोडा लसूण घास किंवा दशरथ घास, आणि भरपूर स्वच्छ पाणी. बोकड पाठ वाकवून जोर लावतोय, शेपटी हलवतोय आणि थेंब-थेंब येतंय असं दिसलं तर तासाभरात डॉक्टर.

दाण्यात मीठ जास्त मिसळून मोकळा ठेवला की शेळी आपोआप कमी खाते, अशी युक्ती काही जण वापरतात. बाहेरच्या देशात मोठ्या जनावरांसाठी ती चालते, पण तिथे पाणी कायम पुढ्यात असतं. आपल्याकडे टँकर चालू असलेल्या गावात ती करू नका, पाणी संपलं की मीठच विष होतं. आणि ठेलारी मेंढपाळ बांधवांसाठी, मेंढ्या-शेळ्या एकत्र असतील तर मिनरलचा मोकळा डबा ठेवू नका. गाई-शेळ्यांच्या मिक्श्चरमध्ये तांबं असतं, ते मेंढीच्या लिव्हरमध्ये साठत जातं आणि अचानक मारतं. मेंढीचं वेगळं मिळतं, तेच घ्या.

हरणांसाठी फिडर मिळेल का असंही विचारतात. टायमरवाला फिडर खरं म्हणजे अमेरिकेत, टेक्सासकडे, हरणांना मका टाकायला वापरतात. तिथेही मका टायमरने थोडा थोडा आणि प्रोटीन पेलेट मोकळे, म्हणजे पोटाचा नियम तोच. पण एका जागी हरणं गोळा झाली की रोग पसरतो, म्हणून तिथल्या अनेक राज्यांत खाऊ घालण्यावर बंधनं आहेत. आपल्याकडे तर विषयच नाही. यावल, अनेर किंवा गौताळा अभयारण्याच्या कडेला शेती असलेले भाऊ म्हणतात की बांधावर दाणा ठेवला तर नीलगाई पिकात येणार नाहीत. येतील, आणि जास्त येतील. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राण्याला आमिष दाखवणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. त्या कामासाठी आम्ही फिडर विकत नाही, कितीही पैसे दिले तरी. पिकाचं नुकसान झालं असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा, सरकारकडून भरपाई मिळते.

ऑर्डरला येताना जनावरं किती, त्यात गाभण किती, पिल्लं किती, बोकड किती हे लिहून आणा, शेडची लांबी-रुंदी आणि गव्हाणीचा मोबाईलवर फोटो आणा. आणि तुम्ही वापरता तो भरडा किंवा पेलेट किलो-दोन किलो पिशवीत घेऊन या, तोंडाची पट्टी त्याच मालावर चालवून, वजन करून, मगच फिडर गाडीत चढवू.