डिस्प्ले लँग्वेज की रीजनल फॉरमॅट? तारीख उलटी पडण्याआधी वाचा

विंडोज 11 मध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खालचं 'लँग्वेज अँड रीजन' उघडलं की हे दोन्ही पर्याय एकाच पानावर दिसतात. म्हणूनच गल्लत होते.

डिस्प्ले लँग्वेज ठरवते ती फक्त मेनू, बटणं आणि सूचनांची भाषा. ती मराठी करायची तर लँग्वेज पॅक उतरवून एकदा साइन आउट करावं लागतं. लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असेल तर भाषा बदलताच येत नाही, त्यामुळे उगाच खटपट करू नका. नुसतं मराठी टाइप करायचं असेल तर कीबोर्ड जोडला की झालं.

तारीख, वेळ, आकडे आणि चलन कसं लिहायचं ते रीजनल फॉरमॅट सांगतो. भारतीय इंग्रजी निवडली तर 12,34,567 असा लाखांचा स्वल्पविराम मिळतो, अमेरिकन निवडली तर 1,234,567. मेनू दोन्हीकडे इंग्रजीच, त्यामुळे फरक चटकन ध्यानात येत नाही.

खरा घोळ होतो एक्सेलमध्ये. फॉरमॅट अमेरिकन असताना तुम्ही 5 एप्रिल म्हणून 05/04/2024 लिहिलंत, तर एक्सेल ती 4 मे समजतं आणि चकार शब्द काढत नाही. 13/04/2024 लिहिलंत तर तेरावा महिना नसल्यामुळे तो निव्वळ मजकूर ठरतो. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर आधी इथेच शंका घ्या. वाईट म्हणजे मागाहून फॉरमॅट बदलूनही चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत. एक्सेल तारीख आतमध्ये एका क्रमांकाच्या रूपात साठवतं आणि तो क्रमांक 4 मेचाच राहतो. म्हणून नोंदी सुरू करण्याआधीच फॉरमॅट तपासावा. माझं मत विचाराल तर मेनू कुठल्या भाषेत आहे यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

एका संगणकावर अनेक जणांची खाती असतील तर आणखी एक अडचण येते. या दोन्ही निवडी त्या-त्या खात्यापुरत्याच असतात. कंट्रोल पॅनेलमधल्या जुन्या 'रीजन' खिडकीतल्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबमध्ये 'कॉपी सेटिंग्ज' आहे. त्यातून या निवडी स्वागताच्या पडद्याला आणि पुढे उघडल्या जाणाऱ्या खात्यांना लागू करता येतात. आधीपासून असलेल्या प्रत्येक खात्यात मात्र लॉगिन करूनच बदल करावा लागतो.