ईव्ही कंपनीत अप्रेंटिसशिप: खान्देशातल्या डिग्री-डिप्लोमावाल्यांनी अर्ज कसा करावा

कॉलेजचा एखाद्या ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या, कंपनीशी सामंजस्य करार झाला की फोटो लगेच झळकतो. पण तुमच्या पदरात काय पडणार, हे ठरतं तुमच्या नावाने होणाऱ्या अप्रेंटिसशिपच्या करारावर. तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, केंद्र सरकारच्या 'नॅट्स' (डिग्री-डिप्लोमावाल्यांच्या अप्रेंटिसशिपची राष्ट्रीय योजना) पोर्टलवर होतो.

डिग्री किंवा डिप्लोमा गेल्या पाच वर्षांत झालेला हवा. आधी अप्रेंटिसशिप केलेली नको आणि नोकरीचा वर्षभराचा अनुभवही नको. आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं आहे, इथे वेळ घालवू नका.

कागदपत्रं मोजकीच: आधार, शेवटची गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र, फोटो, पासबुक. घोळ होतो तो नावात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. त्यात चौधरीच्या इंग्रजी स्पेलिंगला एकीकडे आय, दुसरीकडे वाय! अर्जाआधीच आधार दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण खात्याची. विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट खात्यात येतो, त्यासाठी आधार नुसतं बँकेत देऊन भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, सीडिंग (आधार त्या खात्याशी जोडणं) लागतं. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातंच सीड झालेलं असेल, तर पैसे तिकडे जातील. आधारच्या वेबसाइटवर कोणती बँक दिसते ते पाहून घ्या.

नोंदणी केली की क्रमांक मिळतो, मग जागा शोधून अर्ज करायचा. जळगाव एमआयडीसी म्हणजे पाइप, चटई आणि डाळ. ईव्हीच्या जागा शोधताना जिल्हा पुणे, छत्रपती संभाजीनगर असाही टाका. मुलाखतीत काम कोणत्या विभागात, हे विचाराच. बॅटरी पॅक, मोटर कंट्रोलर, टेस्टिंग असेल तर उत्तम. वर्षभर खोकी भरायची असतील तर ट्रॅव्हल्सचं भाडंही वाया.

निवड झाल्यावर करार पोर्टलवर तयार झालाय का, तो अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळाने (बीओएटी, ही योजना चालवणारी केंद्र सरकारची संस्था) मंजूर केलाय का, हे स्वतः लॉगिन करून बघा. "आधी रुजू व्हा, कागद नंतर" याला हो म्हणू नका. कारच्या बॅटरीत ३००-४०० व्होल्ट असतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाई याच शिकाऊ उमेदवार कायद्याने मिळते. नोकरी देण्याचं बंधन मात्र कंपनीवर नसतं. शेवटी प्रमाणपत्र मंडळाचं घ्या, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र त्याच्या जागी चालत नाही.