स्केलबाहेरचे स्वर (संगीतरचना)

रचनेने निवडलेल्या स्वरांत (म्हणजे तिच्या स्केलमध्ये) न बसणारा स्वर हेतुपूर्वक योजण्याची पद्धत. सप्तकातल्या १२ स्वरांपैकी मेजर स्केल (बिलावल थाट) ७ शुद्ध स्वर घेते. कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म हे ५ बाहेर राहतात. यांपैकी एखादा स्वर चालीत आला म्हणजे चाल बेसूर झाली असे नव्हे. स्वर आपल्या जागी नेमका लागलेला असतो, फक्त कानाला तो तिथे अपेक्षित नसतो.

त्याचा परिणाम कालावधी, मात्रा आणि पुढे येणारा स्वर यांवर ठरतो. म वरून प कडे जाताना तीव्र म ओझरता घेतला, तर तो वाटेतला स्वर म्हणून सहज खपतो. तोच समेवर धरून ठेवला की ताण निर्माण होतो आणि प आल्यावरच तो सुटतो. असा स्वर बहुधा अर्ध्या स्वराच्या अंतरावरच्या शेजाऱ्यात विरतो. उलट, तो पुनःपुन्हा येत राहिला, तर कान नवा षड्ज (सा) धरण्याची शक्यता असते. मग तो बाहेरचा उरत नाही.

कॉर्डमधूनही, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटातूनही, हे साधते. म–ध–सा या मेजर कॉर्डमधला ध कोमल केला की कॉर्ड मायनर (उदास छटेचा) होतो आणि उजळ चालीवर क्षणभर सावट येते. ही युक्ती इतकी वापरली गेली आहे, की आता ती काहीशी हुकमी वाटते. रे–तीव्र म–ध हा कॉर्ड मात्र प कडे ढकलण्याचे काम निमूटपणे करतो.

बेटोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीचा (१८०३–०४) आरंभ हा या तंत्राचा फार मोठा नमुना. चेलोंवर निघालेली साधी चाल सातव्याच मापात (तालाच्या खंडात) घसरत सिंफनीच्या स्केलबाहेरच्या एका स्वरावर येते. मुख्य स्वर षड्ज मानला तर हा कोमल नी. तिथून ती वर शुद्ध नी कडे सरकते. बऱ्याच वेळाने चाल परतते तेव्हा तोच स्वर खाली ध वर उतरतो आणि संगीत वेगळ्याच स्केलमध्ये शिरते. सुरुवातीला चुकार भासलेल्या स्वराचा दुसरा अर्थ इतक्या उशिरा उघडतो; केवळ रंगत आणण्यापलीकडचा असा उपयोग विरळाच.

हिंदुस्थानी संगीतात रागाला विसंगत स्वर विवादी मानला जातो, तरी रंजकतेसाठी त्याच्या अल्प प्रयोगाला मुभा आहे. केदार रागात उतरताना लागणारा कोमल नी असाच. बिहागातला तीव्र म एकेकाळी विवादी होता. आज प-तीव्र म-ग-म-ग ही संगती नसेल तर बिहाग ओळखीचा वाटणार नाही. पिलू आणि भैरवीत बाराही स्वर येऊ शकतात, तरी राग मोडत नाही, कारण त्याची वळणे पक्की असतात. कर्नाटक परंपरेत मूळ मेळाबाहेरचा (थाटासारख्या स्वरसमूहाबाहेरचा) स्वर घेणाऱ्या रागांना भाषांग म्हणतात.

ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकारात मेजर कॉर्डवर कोमल ग आणि कोमल नी गायले जातात, पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी. पियानोवर ती जागा नाही, म्हणून वादक दोन्ही ग जवळजवळ एकत्र दाबतात. ताण सोडवलाच पाहिजे हा नियम इथे लागू होत नाही.

१९२० च्या दशकात ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी बाराही स्वरांना समान दर्जा देणारी पद्धत मांडली. त्या पद्धतीच्या रचनांना ही संकल्पना लावता येत नाही.